रानातले घर

पेडणे व डिचोली तालुक्यांत रानालगत ऐसपैस आधुनिक घरे उभी राहत आहेत. आरंभीच डोंगरउतार कापून जागा सपाट केली जाते. मूळ चूक तीच. जांभ्याचे सच्छिद्र पठार पावसाचे पाणी मुरवून खालच्या झरींना व कुळागरांना पुरविते. उतार कापला की ही वाट तुटते. म्हणून घरच उताराप्रमाणे पायरीपायरीने उतरवावे. भिंती चिऱ्याच्या, छप्पर कौलारू, वळचण चांगली पुढे आलेली असावी. भिंतभर काच येथील उन्हात घर तापविते. पेडण्यातील देशप्रभूंच्या वाड्याचे चौक धनिकांनी अवश्य पाहावेत. जुने झाड आड आल्यास त्याभोवती चौक ठेवावा. तोडण्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, जमीन स्वतःची असली तरीही.