शरीराच्या आत पाहणारी यंत्रे

(संस्थेच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



विहारात आपण द्वत्तिंसाकार म्हणतो. केस, नखे, दात यांपासून हृदय, यकृत, प्लीहा, फुप्फुसे अशी शरीराची मोजदाद त्यात आहे. कातडीआड काय आहे हे डोळे मिटून पाहण्याचा तो अभ्यास. चिरफाड न करता उघड्या डोळ्यांनी आत पाहणे मात्र १८९५ साली शक्य झाले. जर्मनीत प्रा. रॉन्टजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. हाडे दिसली, बोटातली अंगठीही दिसली. या शोधाचे त्यांनी पेटंट घेतले नाही. घेतले असते तर गरिबाच्या छातीचा फोटो कधी निघाला असता कोण जाणे!

आम्ही कार्यकर्ते रुग्णांबरोबर दवाखान्यात जातो तेव्हा एक वाक्य हमखास ऐकतो, "डॉक्टरसाहेब, एकदा मोठ्या मशीनवर काढा ना." मोठ्या मशीनमध्ये सगळेच दिसते, हा गैरसमज आहे. आमच्या वस्तीतील एका भावाने व्याजाने पैसे काढून पोटाचा सी. टी. स्कॅन केला. पित्ताशयातले खडे दिसले ते पुढे साध्या सोनोग्राफीत! मोडलेले हाड किंवा क्षयाची शंका असेल तर आधी क्ष-किरण फोटो. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाला असेल तर सी. टी. त्यात क्ष-किरणच शरीराभोवती फिरतात आणि संगणक पावाच्या कापांसारखी चित्रे तयार करतो. १९७१ साली लंडनमध्ये पहिला रुग्ण असा तपासला गेला. पण छातीच्या एका फोटोपेक्षा यात किरणांची मात्रा कितीतरी पट असते. म्हणून हट्ट धरू नये.

मणक्यातली सरकलेली चकती, मज्जारज्जू यांसाठी एम. आर. आय. त्यात क्ष-किरण नसतात, प्रचंड चुंबक असतो. तपासणी चालू नसतानाही तो चुंबक जागाच असतो. २०१८ साली मुंबईत रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, ओढला गेला आणि प्राणास मुकला. तेव्हा सोबत जाणाऱ्यांनो, किल्ल्या, नाणी, केसांच्या पिना, घड्याळ बाहेर ठेवा. रुग्णाला पेसमेकर बसवला असेल किंवा शरीरात धातूची पट्टी असेल तर आधी सांगा. कोणी घाई केली तरी विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

आता सोनोग्राफीविषयी, थोडे कडू. ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवर चालणारे हे यंत्र गर्भाची वाढ पाहण्यासाठी आहे. त्याचा दुरुपयोग थांबावा म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, १९९४ साली केंद्राचाही झाला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ साली ९१३ झाल्या. मुलगी झाली म्हणून खिन्न झालेल्या राजा प्रसेनजिताला भगवंतांनी, मुलगी मुलापेक्षा श्रेष्ठ निघू शकते असे सांगितले होते. ते ऐकून घरी गेलेल्या आपल्यापैकीच कोणी दवाखान्यात "पेढा की बर्फी?" असे कुजबुजत विचारतो. असल्या कामासाठी संस्थेचा कोणीही सोबत येणार नाही, हे आम्ही येथे उघड सांगतो.

शेवटी एक विनंती. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट पेटीत दाबून ठेवू नका, दर वेळी डॉक्टरांकडे न्या. जुन्याशी ताडून पाहिल्यावाचून छातीतला डाग नवा की बरा झालेला, हे डॉक्टरांनाही अनेकदा सांगता येत नाही.