बाहेरचा मजूर आणि आपला रोज



ऑक्टोबर छाटणीच्या आधी आमच्या एका ग्रामसंघाच्या बैठकीत भांडण झालं. आम्ही माण आणि आटपाडी या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या गावांत बचत गटांचं काम बघतो. एक पाय साताऱ्यात, एक सांगलीत. त्या दिवशी विषय होता कर्जफेडीचा, पण हप्ते का थकले म्हणून विचारलं तर एक आक्का ताडकन उठल्या. म्हणाल्या, "कामच मिळंना तर हप्ता कुठनं भरायचा? तासगावला सगळ्या बागा बिहाऱ्यांनी धरल्यात. आधी त्यांना काढा, मग हप्ता मागा." बाकीच्यांनी माना हलवल्या. दहा मिनिटांत ठराव तयार झाला: बाहेरच्या मजुरांना काम आणि खोली देऊ नये, असं ग्रामपंचायतीला कळवावं.

सही करायला वही आमच्याकडं आली आणि आम्ही थांबलो. आक्कांची अडचण खोटी नव्हती. तरी का थांबलो, ते आज सांगणार आहोत.

"बाहेरचा मजूर" या एका शब्दाखाली आपण तीन वेगळी माणसं एकत्र बांधतो. पहिला बीड, अहिल्यानगर, जालन्याकडनं येणारा ऊसतोड मजूर. तो आपल्याच राज्यातला. दुसरा बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, बंगालमधनं येणारा. तो दुसऱ्या राज्यातला, पण भारताचाच नागरिक. देशात कुठंही जायचा, राहायचा हक्क त्याला राज्यघटनेच्या 19 व्या कलमानं दिलाय. त्याला खोली देऊ नका म्हणणारा ठराव कितीही सह्यांचा झाला तरी कायद्यापुढं टिकत नाही. तिसरा तो, जो दुसऱ्या देशातनं कागदाशिवाय आलाय. त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे. 1946 चा परकीय नागरिक कायदा होता, त्याच्या जागी 2025 साली नवीन आला. त्याची तपासणी पोलिसांनी आणि सरकारनं करायची आहे. नुसतं आधार कार्ड असलं म्हणजे माणूस भारताचा नागरिक ठरत नाही, हेही खरं. पण बंगाली बोलतो म्हणजे तो बांगलादेशीच, हे त्याच्याहून खोटं. 2025 च्या जूनमध्ये मुंबई परिसरात काम करणारे पश्चिम बंगालचे काही मजूर पकडले गेले, त्यांना सीमेपलीकडं पाठवलं गेलं, आणि ते भारतीयच आहेत हे पुढं आल्यावर परत आणावं लागलं. पोलिसांची चूक होऊ शकते, तर पारावर बसून ठरवणाऱ्यांची किती होत असेल?

आमच्याच एका गावातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही. तिथं घरकुलांच्या स्लॅबचं सेंट्रिंग करायला बंगाली बोलणारी पाच पोरं होती. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या मागच्या खोलीत राहायची. ठेकेदाराकडं त्यांचे दीड महिन्याचे पैसे अडकले होते. पैसे मागायला लागली, तेव्हा गावात कुजबूज सुरू झाली की ही बांगलादेशी आहेत, पोलिसांना कळवायला पाहिजे. कुजबूज कुणी सुरू केली हे आम्ही सांगायची गरज नाही. पोरं घाबरली आणि एका रात्रीत निघून गेली. वहिनींचं भाडं बुडलं, दुकानदाराची उधारी बुडाली, पण सगळ्यात जास्त पैसे ज्याचे वाचले तो ठेकेदार. गावातल्या गवंड्यांना वाटलं आता काम आपल्याला. आठवड्यात कर्नाटकातनं दुसरी टोळी आली. त्याच दरानं.

ती पोरं कुठली होती, आम्हाला आजही माहीत नाही. समजा खरंच पलीकडची असती, तरी केलेल्या कामाचे पैसे ठेकेदाराच्या खिशात राहायचं कारण काय? भीती दाखवून ज्याच्याकडनं फुकट राबवून घेता येतं तो मजूर कुणालाही हवाच असतो. मग हक्कानं रोज मागणारी आपली बाई महाग वाटायला लागते.

हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेत तो पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. 1942 पासून तिथल्या शेतांवर मेक्सिकोतनं कराराने मजूर आणत. भर काळात वर्षाला चार लाखांहून जास्त येत. स्थानिकांचा रोज पडतो म्हणून 1964 च्या शेवटी ती योजना बंद केली. मग स्थानिकांचा रोज चढला का? पुढं अर्थशास्त्रज्ञांनी जुने आकडे तपासले, तर त्या बंदीमुळं चढल्याचं दिसलं नाही. मळेवाल्यांनी टोमॅटो तोडायची यंत्रं आणली, आणि जिथं यंत्र चालत नव्हतं तिथं पीक कमी केलं. आपल्याकडं उसाच्या फडात हार्वेस्टर घुसायला लागलाय, तो बघितलाच असेल तुम्ही.

दुसरी बाजूही ऐकून घ्या, नाहीतर म्हणाल ताई एकच बाजू सांगतात. 1980 साली क्युबातनं सव्वा लाख माणसं बोटींनी अमेरिकेतल्या मायामी शहराच्या बाजूला उतरली. एका नामांकित अर्थशास्त्रज्ञानं हिशेब केला की शहरातला रोज पडला नाही. दुसऱ्यानं तेच आकडे वेगळे लावून दाखवलं की सगळ्यात कमी शिकलेल्यांचा रोज पडला. हा वाद अजून मिटलेला नाही. आम्हाला त्यातनं एवढं कळलं की "गावाचा फायदा झाला की तोटा" हा प्रश्नच अर्धवट आहे. बागायतदाराचा फायदा होतो, किराणा दुकानदाराचा होतो, खोलीवाल्याचा होतो. तोटा झालाच तर तेच काम करणाऱ्या, सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाचा होतो. आपल्याकडं ती पायरी बहुतेक बाईची असते. म्हणून आक्का चिडल्या, आणि त्यांनी चिडावंच.

1986 साली अमेरिकेनं आणखी एक कायदा केला. जाणूनबुजून बिनकागदाचा मजूर ठेवला तर मालकाला दंड. ऐकायला चांगलं. मग मळेवाल्यांनी मधी कंत्राटदार घातला. मजूर माझा नाही, त्याचा. हे वाक्य ऐकल्यासारखं वाटतंय ना? "मी कुठं ठेवलंय, मुकादमानं आणलंय."

आपल्याकडं 1979 साली दुसऱ्या राज्यातनं येणाऱ्या मजुरांसाठी केंद्राचा कायदा झाला. ठेकेदारानं नोंदणी करायची, मजुराला फोटोचं पासबुक द्यायचं, जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा, आणि स्थानिक मजुराला त्याच कामाला जेवढा रोज तेवढाच याला. म्हणजे "त्यांनी दर पाडला" या तक्रारीवरचं औषध कायद्यात होतं. पण पासबुक असलेला मजूर आम्हाला आजवर एकही भेटलेला नाही. पूर्वी पाच मजूर असले की कायदा लागू व्हायचा, 2020 च्या संहितेत ती संख्या दहावर नेली. ऊसतोड मजूर तर राज्यातल्या राज्यात फिरतो, त्यामुळं तो आधीपासूनच या कायद्याच्या बाहेर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, उचल घ्यायची, फडावर पालात राहायचं. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, पण त्यातले बाईच्या हातात किती पडतात, हे पालात जाऊन विचारा. उचल नवऱ्याच्या नावावर असते.

आता आपल्या माणसांकडं बघू. साताऱ्याची किती माणसं मुंबईला गेली? गिरण्यांत, गोदीत, मशीद बंदरला पाठीवर पोती वाहायला. तिथं तीच बाहेरची होती. रोज ठेकेदार देईल तो, काम असेल तर. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या हमालांची संघटना बांधली आणि 1969 साली राज्यात माथाडी कायदा झाला. त्यात एक गंमत आहे, ती नीट ऐका. हमाल कुठल्या जिल्ह्याचा हे तो कायदा विचारत नाही. हमालानं मंडळात नोंद करायची, मालकानंही करायची. मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मालकानं मंडळाकडं भरायची, मंडळ हमालाला पैसे देणार, फंड, बोनस, दवाखाना बघणार. ठरलेल्या दराखाली काम देता येत नाही, तेव्हा स्वस्तातला माणूस आणून मालकाला काय फायदा? गावच्या नावावर कुणाला न हाकलता दर राखता आला.

विट्याची, खानापूर-आटपाडीची गलाई कामगार मंडळी तर सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत. केरळ, तमिळनाडू, बंगाल, कुठंही जा, विट्याचा माणूस भेटतो. तिथल्या गावांनी खोली देऊ नये असा ठराव केला असता, तर आपल्याकडची निम्मी आरसीसी घरं उभी राहिली नसती. आणि तासगावचं विसापूर. वि. स. पागे यांचं गाव. रोजगार हमीचा पहिला प्रयोग तिथं झाला, पुढं 1977 चा कायदा झाला. बाईला आणि गड्याला एकच दर. गावातच ठरलेल्या दराचं काम मागता येत असलं, तर त्याच्या खाली राबायला कुणी तयार होत नाही, बिहारचा सुद्धा नाही. पण मागणीचा नमुना चार भरायला कुणी जात नाही, ते आपलं आपण बघावं.

तर बैठकीत वही आमच्या हातात. आम्ही हे सगळं भाषण तिथं केलं नाही, कुणी ऐकलंही नसतं. बोलल्या त्या शेवटच्या रांगेतल्या एक मावशी. त्या रोज पहाटे पिकअपमध्ये उभं राहून कवठेमहांकाळच्या बाजूला विरळणीला जातात. म्हणाल्या, "आपली पिकअप त्या गावानं वेशीवर अडवली तर? तिथं बाहेरची मीच की." कुणी काही बोललं नाही. ठराव वहीतच राहिला.

मग आम्ही चौघीजणी एका बागेत बिहारी टोळीला भेटायला गेलो. आमचं हिंदी मोडकं, त्यांचंही वेगळंच. पण हिशेब कळला. मालकाला एकरी जो दर पडत होता, तो आपल्या बायकांच्या रोजाचा हिशेब लावला तर जवळपास तेवढाच होता. त्यातला बराच भाग मुकादम घेत होता. म्हणजे मालक स्वस्त म्हणून त्यांना बोलवत नव्हता. छाटणी झाली की लगेच पेस्ट लावावी लागते, चार दिवसांत प्लॉट उरकला नाही तर पुढचं सगळं चुकतं. टोळी बागेतच राहते, दिवस उगवायच्या आधी सुरू करते. आपल्या बायका घरचं सगळं उरकून, गाडी मिळेल तशा येतात आणि पाचला परत निघतात, कारण गुरं आणि पोरं वाट बघत असतात. हे आपल्या बायकांच्या कष्टाचं कमीपण नाही. घरातला एकही माणूस चूल धरत नाही, त्याची किंमत आपण रोजात मोजतोय.

आणि एक गोष्ट तोंडावर सांगायला पाहिजे. बिहारी यायच्या आधीसुद्धा त्याच बागेत गड्याला जास्त आणि बाईला कमी रोज होता. तो कुणी बाहेरच्यानं पाडला नव्हता.

सात गटांनी मिळून ठरवलं की विरळणी आणि डिपिंग रोजावर न घेता एकरी अंगावर घ्यायचं, सगळ्यांचा दर एक, आणि त्या दराचा कागद बागायतदारांना आणि बिहारी मुकादमालाही द्यायचा. मुकादम हसला, पण कागद खिशात घातला. विरळणीच्या कामात त्याला तसा रस नव्हता, त्याची माणसं छाटणीतली. दोन बागायतदारांनी दर मान्य केला. एकानं घासाघीस केली. आणि पहिल्याच आठवड्यात आमच्याच सातातल्या दोन गटांनी दर मोडला, कमी पैशात प्लॉट घेतला. विचारलं तर त्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "मायक्रो फायनान्सचा हप्ता गुरुवारी असतो ताई, तुमचा दर सोमवारी बघू." त्यांना काय उत्तर द्यायचं, ते आम्हाला त्या दिवशी सुचलं नाही.

बाकीच्या पाच गटांचा हंगाम पार पडला. हातात रोजापेक्षा थोडं जास्त आलं, फार नाही. गाडीभाडं एकत्र केल्यामुळं वाचलं ते वेगळं. आता एप्रिलची खरड छाटणी येतेय. त्याआधी ई-श्रमची नोंद राहिलेल्या बायकांनी आधार, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन ग्रामसंघाच्या कार्यालयात यावं. वय 16 ते 59 पाहिजे. तुमच्या गावात बाहेरनं आलेली बाई कामाला असेल तर तिलाही आणा, नोंद देशभर चालते. तिचं रेशन कार्ड तिच्या गावचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात मिळू शकतं, दुकानदार नाही म्हणाला तर आम्हाला कळवा.

दर मोडणाऱ्या दोन गटांना पुन्हा घ्यायचं का, आणि ज्यांचा हप्ता तुंबलाय त्यांना हंगामाच्या आधी गटातनं उचल द्यायची का, यावर रविवारी दुपारी दोनला बैठक आहे. त्या वहिनींनाही बोलावलंय. येणार म्हणाल्यात.