गाठ दाखविणारा रंग



रंगरसायन म्हटले की आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना आधी कारखाना आठवतो. फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील मजुरांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी १८९५ साली मांडले. रंगधंद्यातले नॅफ्थिलअमाइन कुत्र्यांना देऊन ह्यूपर यांनी तोच रोग उत्पन्न करून दाखविला, तो १९३८ साली! मधली ४३ वर्षे मजूर ते हाताळीतच होते.

आता त्याच विद्येला उलटे काम मिळाले आहे. जिवंत उंदराच्या पोटातली गाठ उजळावी असा रंग घडवायचा. अडचण अशी की, हिरवा प्रकाश रक्त गिळून टाकते आणि मांस स्वतःही मंद चमकते. ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश मात्र मांसातून बराच पार होतो. म्हणून त्या पट्ट्यात उजळणारा रेणू घ्यायचा आणि त्याला गाठीचा पत्ता ठाऊक असलेले शेपूट जोडायचे. पर्ड्यू विद्यापीठाच्या फिलिप लो यांनी फोलेट जोडले. हे पालेभाजीतले जीवनसत्त्व. अंडाशयाच्या कित्येक गाठी ते अधाशीपणाने ओढतात. रेणू लहान हवा, म्हणजे उरलासुरला रंग लवकर निघून जातो. रेंगाळला तर सारेच उजळणार, मग गाठ ओळखायची कशी? मूत्रपिंडे तरीही उजळतातच, त्यांनाही फोलेट हवे असते.

या खटपटीतून निघालेल्या पॅफोलासियानीनला अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेत नजरेतून निसटणाऱ्या गाठी तो दाखवितो. पण त्याला खास कॅमेरा लागतो. रंगखात्यातल्या मजुराची बायको ज्या सरकारी इस्पितळात जाते, तिथे तो कॅमेरा कधी यायचा?