नियम वॉशिंग्टनचा, झडती कास्तकाराची
(काटोल येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत आज गांजा-अफूचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कोणत्याच पिकाचा खर्च निघत नाही, तेव्हा दोन एकरात गांजा लावायची परवानगी द्या, असे त्याने लिहिले. अर्ज पोलिसांकडे गेला आणि हा प्रसिद्धीचा प्रकार आहे, असे म्हणून विषय संपवला गेला. अर्जातला गांजा सर्वांनी पाहिला. 'खर्च निघत नाही' हे वाक्य मात्र कोणी वाचले नाही.

तुरीत, पऱ्हाटीत गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. पकडला जातो तो कोरडवाहू कास्तकार. माल घेणारा व्यापारी आणि पैसा लावणारा सावकार क्वचितच सापडतो. हा कायदा कोठून आला, कोणासाठी आला आणि त्याचे ओझे कोणावर पडले, हे आज पाहू.

हे पीक आपल्या मुलखाला नवे नाही. इंग्रजी अमलात नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. त्या प्रांतात निमाडातल्या खंडवा तहसिलीत परवान्याने गांजा पिकत होता. मुंबई इलाख्यात तो मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात पिकत होता. सरकार परवाना देई, कर घेई आणि तिजोरी भरे. त्याच सरकारच्या काळात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. त्या अफूच्या पैशावर मुंबईत पेढ्या उभ्या राहिल्या. तेव्हा कोणाला ते पाप वाटले नाही.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ओरड झाली, म्हणून गांजा-भांगेची चौकशी करायला एक आयोग नेमला गेला. आयोगाने देशभर फिरून अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. बेताने घेणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही, अतिरेक वाईट, सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि परवान्याने आळा घालावा, असे त्याचे म्हणणे. म्हणजे परक्या सरकारलाही बंदी घालण्यापूर्वी लोकांना विचारावेसे वाटले.

पुढे काय झाले? १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांविषयीचा करार झाला. गांजाचा वापर पंचवीस वर्षांत बंद करा, अशी त्यात अट होती. पाने कराराबाहेर राहिली, म्हणून आपली होळीची भांग वाचली. १९७१ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांविरुद्ध लढाई पुकारली. व्यसन त्यांच्या शहरात होते, पण ही लढाई दुसऱ्यांच्या शेतातही लढायची ठरली. कराराची मुदत भरत आली तेव्हा, १९८५ साली, दिल्लीने आपला कायदा केला. त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. १९८६ सालापासून तर अमेरिका दरवर्षी इतर देशांना गुण देऊ लागली. जो देश पुरेशी कडक कारवाई करणार नाही, त्याची मदत तोडायची.

या लढाईत बाहेरच्या शेतकऱ्यांचे काय झाले ते पाहा. कोलंबियात कोकाचे पीक नष्ट करायला विमानातून ग्लायफोसेट फवारले गेले. ग्लायफोसेट तुम्हाला माहीत आहे. पंपाने फवारतानासुद्धा वारा फिरला तर शेजारच्या ओळीचे काय होते, तेही तुम्ही पाहिले आहे. तिथे तर विमानातून फवारणी! कोकाशेजारचा मका आणि केळीही जळाल्याच्या तक्रारी झाल्या. फवारा सीमेपलीकडे इक्वेडोरमध्ये गेला. इक्वेडोर आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २०१३ साली कोलंबियाने दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २०१५ साली ही हवाई फवारणी थांबली. कोका काही संपला नाही.

अफगाणिस्तानात २०२२ च्या एप्रिलमध्ये तालिबानने अफूवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणे २०२३ साली लागवड ९५ टक्क्यांनी घटली. शेतकऱ्यांना मिळणारा अफूचा पैसा १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटी डॉलरवर आला. भाव मात्र आकाशाला भिडले. फायदा कोणाचा झाला? ज्याच्या कोठीत जुना माल होता त्याचा. टंचाईत भाव चढतो आणि तो साठेबाजाला मिळतो, हे काटोलच्या बाजारात बसलेल्या माणसाला शिकवायला नको.

तुर्कस्तानने वेगळी वाट धरली. अमेरिकेच्या दडपणाखाली १९७१ साली तेथील सरकारने खसखशीच्या लागवडीवर बंदी जाहीर केली. शेतकरी नाराज होते. १९७४ साली नवे सरकार आले आणि त्याने बंदी उठवली. बोंडे चिरून अफू काढायची नाही, वाळलेली बोंडे जशीच्या तशी सरकारला द्यायची, त्यापासून औषध बनेल, असा नियम केला. चोरबाजार आटला आणि शेतकरीही जगला. दंडुक्याने जमले नाही ते कायदेशीर गिऱ्हाईक मिळाल्याने जमले.

भावांनो, 'तस्कर' हा शब्द आपल्याला नवा नाही. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळात आपलाच कापूस पांढुर्ण्याच्या बाजूला नेणारा कास्तकार तस्कर ठरत होता. कापसात नशा नव्हती. भाव पलीकडे जास्त होता, एवढाच त्याचा गुन्हा.

याचा अर्थ गांजा चांगला, असा नाही. गावातले दारूचे दुकान बंद करायला मायबहिणी उभ्या राहिल्या, त्या बरोबरच होत्या. व्यसनाने घर बसते. पण व्यसन सोडवायला दवाखाना लागतो. कोरडवाहू माणसाला तुरुंगात घातल्याने शहरातल्या पोराची नशा उतरत नाही.

आणि ज्यांनी हा नियम लादला त्यांच्याकडे आज काय चालले आहे? अमेरिकेत कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ साली गांजा मोकळा केला. कॅनडाने २०१८ साली केला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. २७ मते बाजूने पडली, २५ विरुद्ध. भारताचे मत बाजूने होते. तिकडे कंपन्यांचे शेअर विकले जातात, इकडे कास्तकाराची झडती होते.

आता आपल्या कामाचे बोलू. आमिष घेऊन येणारा माणूस दुष्काळाच्या वर्षी हमखास येतो. चार झाडे लाव, माल मी नेतो, असे सांगतो. त्याला दारातून परत पाठवा. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दुसरे, कलम ५४ वाचून घ्या. तुम्ही कसत असलेल्या वावरात झाड सापडले आणि त्याचा हिशेब तुम्हाला देता आला नाही, तर गुन्हा तुमचाच, असे कायदा धरून चालतो. आपण केले नाही, हे तुम्हीच सिद्ध करायचे. म्हणून वावर ठेक्याने दिले असेल तर कोण कसतो ते लेखी ठेवा. धुऱ्यावर नजर ठेवा. वावरात असे झाड आहे हे माहीत असून जमीनधारकाने कळवले नाही, तर कलम ४६ खाली त्याला शिक्षा आहे. सरपंच आणि पंचांवरही कळवण्याची जबाबदारी आहे.

शेवटची गोष्ट मागणीची. याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे धागा आणि बियांसाठी या झाडाची लागवड करायला सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ साली असा परवाना दिला. उद्या महाराष्ट्रात हा विषय निघाला तर परवाने कंपन्यांच्या घशात जातील आणि आपल्या वाट्याला कापसाशी स्पर्धा करणारा धागा येईल. तेव्हा आजच ठराव करा. असे धोरण ठरण्याआधी कोरडवाहू शेतकऱ्याचे म्हणणे जिल्ह्या-जिल्ह्यात ऐकले जावे. परवाना लहान कास्तकारालाही मिळावा. माल कोणाला विकायचा ते त्याने ठरवावे. १८९३ साली इंग्रजाने साक्षी घेतल्या. स्वतंत्र देशाच्या सरकारने तेवढे तरी करावे.

कापूस-ज्वारीचा खर्च निघाला, तर चोरट्या पिकाकडे कोणी पाहणार नाही. नशाबंदीची सगळ्यात स्वस्त योजना रास्त भाव हीच आहे. ती मागायला आपल्याला कोणाच्या परवान्याची गरज नाही.