कल्पनेतील वनस्पती आणि बांधावरचे संत्रे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



वनस्पतींचे वर्गीकरण हा पाठांतराचा विषय, असा सर्वसाधारण समज आहे. जास्वंद समोर ठेवली की विद्यार्थी ‘माल्व्हेसी’ म्हणतो. परंतु ते त्याने पाहून ओळखले की आठवून सांगितले, हे शिक्षकास कळत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ वॉरन वॅग्नर यांनी अध्यापनासाठी एक मार्मिक युक्ती योजिली. जगात कोठेही न उगवणाऱ्या वनस्पतींचे एक कुल त्यांनी कल्पनेने रचले. अशा वनस्पतीचे उत्तर पुस्तकात नसते. पान, फूल, फळ निरखण्यावाचून विद्यार्थ्याला गत्यंतर उरत नाही.

हा प्रयोग आपल्या शाळांतूनही सहज करता येईल. एका काल्पनिक प्रजातीच्या आठ जाती पुठ्ठ्यांवर रेखाटाव्यात. कोणाला काटे, कोणाला त्रिदल पान, कोणाच्या पाकळ्या जुळलेल्या. एक गट काट्यांवरून वर्ग पाडील, दुसरा पाकळ्यांवरून. मग कोणते लक्षण प्रमाण मानावे, हा खरा प्रश्न उभा राहील. जैन शास्त्रकारांनी इंद्रियांची संख्या हे लक्षण धरून जीवांचे एकेंद्रिय ते पंचेंद्रिय असे वर्ग केले व वनस्पतींना एकेंद्रियांत स्थान दिले. आधी लक्षण ठरते, मग वर्ग पडतात.

काटोलकरांना तर हा प्रश्न बांधावरचाच आहे. संत्र्याचे पान उजेडाकडे धरा. तेलग्रंथींचे पारदर्शक ठिपके दिसतील. बेल, कवठ, कढीपत्ता यांच्या पानांतही ते असतात; ही सारी एकाच कुलातील. परंतु लिंबूवर्गाच्या जाती किती? लिनियसने १७५३ मध्ये दोन मानल्या, स्विंगल यांनी १९४३ मध्ये १६, तर जपानच्या तानाका यांनी पुढे १६२. जनुकांच्या अभ्यासाने आता दाखविले आहे की, यांतील अनेक ‘जाती’ संकरज आहेत. आपली जंबेरी हे संत्रावर्ग आणि महाळुंग यांचे अपत्य होय.

हा केवळ नावांचा वाद नव्हे. विदर्भात संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्याच खुंटावर भरतात. हा खुंट डिंक्या रोगास बळी पडतो. बागा एकाच खुंटावर उभ्या असल्या की दुबळेपणाही सर्वांचा एकच. दुसरा खुंट शोधायचा तर तो आप्तांतच शोधावा लागतो, कारण परक्या कुलातील झाडावर डोळा जगत नाही. त्रिपर्णी संत्रे या रोगास चांगला प्रतिकार करते. मात्र चुनखडीयुक्त जमीन त्यास मानवत नाही. त्यालाही कोणी स्वतंत्र प्रजाती मानले, तर कोणी लिंबूवर्गातच घातले.

शिक्षक बंधु-भगिनींना विनंती इतकीच, की झाडाचे नाव शेवटी सांगावे. प्रथम विद्यार्थ्याला ते पाहू द्यावे. आज कागदावरच्या झाडाचे नाते शोधणारा मुलगा उद्या आपल्या बागेचा खुंट डोळसपणे निवडील.