बरोबरीत सुटलेला एक डाव



बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला असे वाचले, की दोघा खेळाडूंनी संगनमताने पट गुंडाळला असावा, असे पुष्कळांस वाटते. तसे कधी होत नाही असे नाही. परंतु १९६२ साली बल्गेरियातील वार्ना येथे भरलेल्या ऑलिंपियाडमधील एक डाव निराळ्याच जातीचा आहे. पांढरी मोहरी जगज्जेत्या बोट्विनिकांकडे होती. त्यांचे वय ५१. काळी मोहरी घेऊन बसला होता अमेरिकेचा १९ वर्षांचा बॉबी फिशर. स्पर्धेच्या पटावर हे दोघे समोरासमोर आले ते एवढ्या एकदाच.

फिशरने स्वीकारला तो ग्रुनफेल्ड बचाव. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ मध्ये तो पुढे आणला. पटाचा मध्यभाग प्रतिपक्षाच्या प्याद्यांस खुशाल व्यापू द्यावयाचा आणि मग उंट-घोड्यांनी दुरून त्यावर मारा करावयाचा, ही त्यातील कल्पना. मुलूख मोकळा सोडून मागाहून छापे घालण्याचाच हा प्रकार म्हणा ना!

बोट्विनिक म्हणजे घरच्या अभ्यासाचे मोठे पुरस्कर्ते. या मार्गाची छाननी त्यांनी आधीच करून ठेवली होती, आणि डावही त्याच वाटेने चालला होता. सतराव्या खेळीस मात्र फिशरने आपल्या वजिराने असे प्यादे मारले, की ज्यास उंटाचा जोर होता! उंटाने तो वजीर मारावा, तर काळा घोडा पांढरा वजीर टिपणार. हिशेब मिटला तेव्हा काळ्याचे एक प्यादे अधिक उरले. जगज्जेत्यांच्या टिपणातून नेमकी हीच खेळी निसटली होती.

पुढे हत्ती-प्याद्यांची झुंज उरली आणि डाव तहकूब झाला. तहकुबीच्या रात्री बचावाची वाट सुचली ती सोव्हिएट संघातील गेलर यांना. त्या वाटेने जाऊन ६८ व्या खेळीस बरोबरी झाली.

पण वाद मिटला नाही. आपण जिंकावयास हवे होते, असे फिशरने १९६९ च्या आपल्या पुस्तकात खेळ्यांनिशी मांडले. बोट्विनिकांस ते मान्य होईना. त्यांनी हेच कोडे आपल्या शाळेतील मुलांपुढे ठेवले, आणि १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने फिशरच्या मांडणीतील छिद्र दाखवून दिले. अर्ध्या गुणाचा हा खटला, चौदा वर्षे चालला! त्या विद्यार्थ्याचे नाव गारी कास्पारोव्ह. १९८५ मध्ये तोही जगज्जेता झाला.