पोकळ कुठे, भरीव कुठे? मशीनला हे तुम्हीच सांगायचं

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल किंवा घाटकोपरहून मेट्रो पकडून कामावर निघाला असाल, आजचा भाग हातात पाना आणि नाकात एमडीएफची धूळ असणाऱ्यांसाठी आहे. आणि ज्यांनी सीएनसी राउटर कधी पाहिलाच नाही, त्यांनीही ऐका. घरी गणपतीला जाळीचं मखर असतं ना, ते कसं कापतात आणि कसं बिघडतं, ते आज कळेल.

आधी माझी फजिती सांगतो.

साकीनाक्याच्या एका गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागलो होतो. जेमतेम तीन महिने झाले होते. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून एमडीएफच्या मखरांना मागणी वाढली. त्यामुळे गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस राउटर थंड होत नाही. गणपती दोन दिवसांवर होते. मुलुंडच्या एका कुटुंबाचं मखर सकाळी द्यायचं होतं. १२ एमएमची आठ बाय चारची शीट, मागच्या पडद्यावर जाळी, जाळीची पट्टी १० एमएम रुंद, टूल ६ एमएमचं. फाइल पेन ड्राइव्हवर टाकली, झीरो घेतला, स्टार्ट दाबला आणि कोपऱ्यावर चहा घ्यायला गेलो.

परत आलो तर जाळी नव्हतीच. होता तो भुगा, आणि त्यात सुटे तुकडे पडलेले. मशीन मात्र इमानदारीत फिरत होतं. एक आवाज नाही, एक एरर नाही. माझ्या पोटात गोळा आला. शीटचे पैसे पगारातून जाणार की नोकरीच जाणार, एवढंच डोक्यात.

आमच्याकडे जुने सुतार काका होते. त्यांनी तुकडा उचलला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, करवत चालवायच्या आधी आम्ही टाकाऊ बाजूवर पेन्सिलीने फुली मारतो. तुझ्या या कॉम्प्युटरमध्ये फुली कुठाय?"

आजचा सगळा भाग या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

बघा, मशीनला पोकळ आणि भरीव यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त रेषा कळते, आणि रेषेच्या कुठल्या बाजूने टूल चालवायचं ते कळतं. रेषेच्या आतून, बाहेरून की बरोब्बर रेषेवरून. म्हणजे इनसाइड, आउटसाइड, ऑन. भोकासाठी इनसाइड, तुकड्याच्या बाहेरच्या कडेसाठी आउटसाइड. हीच आपली फुली.

आता हिशोब करा. ६ एमएमचं टूल 'ऑन' ठेवलं तर रेषेच्या दोन्ही बाजूंना ३-३ एमएम खातं. म्हणजे २० चं भोक २६ चं होतं आणि १० ची पट्टी ४ ची उरते. आणि भोकाला चुकून आउटसाइड दिलं तर? टूल पट्टीतून ६ एमएम खातं, पलीकडच्या भोकाकडूनही ६. दहातून बारा गेले, राहिलं काय? माझा भुगा.

पण मी तर आउटसाइड, इनसाइड वेगळं दिलंच नव्हतं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या रेषा एकत्र निवडल्या की ते स्वतःच ठरवतं. बाहेरून आत मोजत जातं: सगळ्यात बाहेरची रेषा म्हणजे तुकडा, तिच्या आतली म्हणजे भोक, भोकाच्या आत आणखी रेषा असेल तर ती पुन्हा तुकडा. सोय छान आहे. माझा घोटाळा असा झाला, की डिझाइनमध्ये शीटच्या मापाची एक चौकट काढून ठेवली होती. घाईत 'सिलेक्ट ऑल' केलं आणि ती चौकटही निवडली गेली. झालं! चौकट ठरली तुकडा, मखराची कड ठरली भोक, आणि जाळीची भोकं ठरली तुकडे. सगळी गणती एक घर सरकली. प्रिव्ह्यू बघितला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. पोकळ आकार बिघडला की सेटिंग भराभर बदलत बसायचं नाही, क्रमाने तपासायचं. तो क्रम सांगतो, मनात ठेवा.

पहिलं, रेषा बंद आहे का? गिऱ्हाईक डीएक्सएफ फाइल पाठवतं, त्यात कोपऱ्यात केसाएवढी फट असते. डोळ्याला दिसत नाही, पण सॉफ्टवेअरसाठी तो आकारच नाही. पॉकेट बनतच नाही, किंवा टूल भलत्या बाजूने जातं. रेषा जोडून घ्या.

दुसरं, एकावर एक दोन रेषा आहेत का? असतील तर टूल त्याच वाटेवरून दोनदा फिरतं, कड जळते, वेळ जातो. आणि आत-बाहेरची गणतीही चुकते.

तिसरं, नावाच्या पाट्या करणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी. देवनागरी अक्षरं कर्व्हमध्ये बदलली की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. स्क्रीनवर एकसंध दिसतं, पण प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या बंद रेषा आहेत. तसाच टूलपाथ काढला तर अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेत चिरा पडतात. आधी सगळं वेल्ड करा, मात्रा-वेलांट्यांसकट. आणि अक्षरंच आरपार कापून काढायची असतील, तर व, ब, प, म यांच्या पोटातला बंद भाग खाली गळून पडणार. त्याला धरून ठेवणारी बारीक पट्टी डिझाइनमध्येच ठेवा.

चौथं, टूल तिथे मावतं का? ५ एमएमच्या फटीत ६ एमएमचं टूल जाणार नाही. सॉफ्टवेअर तो भाग सोडून देतं, आणि आपण म्हणतो मशीनने खाल्लं. तसंच आतला कोपरा कधीच काटकोनात येत नाही, टूलच्या अर्ध्या जाडीएवढा गोल राहतो. म्हणून मखराच्या खाचेत चौकोनी जीभ पूर्ण बसत नाही. कोपऱ्यात टूल थोडं जास्त आत घुसवून छोटी गोल खोबण द्यायची, तिला डॉगबोन म्हणतात.

पाचवं, टूलचं खरं माप. धार लावून आणलेलं ६ चं टूल व्हर्निअरवर ५.८ भरतं. सॉफ्टवेअरला ६ सांगितलंत, तर २० चं भोक १९.८ चं होतं आणि २० चा तुकडा २०.२ चा. मग दोघं एकमेकांत बसत नाहीत आणि आपण हातोडी शोधतो. खरं माप भरा, सुटला प्रश्न.

सहावं, आधी आत, मग बाहेर. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा सुटतो, हलतो, आणि नंतरची भोकं सरकतात. मोठ्या भोकांतले आणि बाहेरच्या कडेचे तुकडे टॅब देऊन धरून ठेवा, नाहीतर सुटलेला तुकडा फिरत्या टूलवर आदळतो. तिथे टूल तुटतं आणि तुमचा डोळा धोक्यात येतो. चष्मा आणि मास्क लावा. एमडीएफची धूळ छातीत बसते, थट्टा नाही.

सातवं, खोली आणि वेग. १२ एमएम एका दमात उतरू नका, ४-४ च्या तीन फेऱ्या करा. वेगाचा हिशोब सोपा आहे: फेरे गुणिले धारा गुणिले प्रत्येक धारेने घ्यायचा काप. १८,००० फेरे, २ धारा, ०.१५ एमएम काप, म्हणजे मिनिटाला ५,४०० एमएम. हलकं मशीन असेल तर काप कमी धरा. पण लहान भोकात मशीनला तेवढा वेग पकडायला जागाच नसते. टूल घासत राहतं आणि कड काळी पडते. तिथे फेरे कमी करा. आणि आरपार न कापता आतून पोकळ करायचं असेल, म्हणजे पॉकेट, तर स्टेपओव्हर टूलच्या ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. निम्म्याच्या वर गेलात तर कोपऱ्यात न कापलेली टोकं उभी राहतात.

मग त्या रात्री काय झालं? शेठना फोन केला. खोटं बोलायचा मोह झाला होता, मशीन अडकलं म्हणून सांगावं वाटलं. पण काका शेजारी उभे होते. खरं तेच सांगितलं. शेठ थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "गोदामातून दुसरी शीट काढ. आणि यापुढे प्रिव्ह्यू बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही." पहाटे चारला जाळी निघाली. काकांनी पॉलिश पेपर मारला. सकाळी मखर टेम्पोत चढलं.

पगारातून पैसे कापले नाहीत. पण तो भुग्यातला एक तुकडा मी अजून ठेवलाय, मशीनच्या कंट्रोलरवर चिकटवून. त्यावर काकांनी पेन्सिलीने फुली मारली आहे. नवीन पोरगा कामाला आला की तो विचारतो, दादा, हे काय? मग मी त्याला आधी प्रिव्ह्यू उघडायला लावतो आणि विचारतो, यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, बोट ठेवून दाखव. ते दाखवता आलं की मगच स्टार्ट.

तुम्हीही आज मशीनसमोर उभे राहाल तेव्हा एवढं करून बघा. चला, पुढच्या भागात भेटू. हात सांभाळा, कान उघडे ठेवा.